एकशे ऐंशी खुर्च्या, एकशे सत्त्याऐंशी तिकिटं

विमानतळ, उपाहारगृहातलं कोपऱ्यातलं टेबल,
मंगळवार, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं
(भिंतीवरच्या घड्याळात बारा चव्वेचाळीस. ते चार मिनिटं पुढे आहे, तसं मी गल्ल्यावरच्या माणसाला सांगून ठेवलं आहे.)

सौ. विहीणबाईंना,

मनापासून नमस्कार, व्याह्यांनाही सांगावा. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी फोनवर नीट कळलं नाही आणि डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं. व्याह्यांचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तर झोपायच्या खोलीतला गालिचा एकदा उन्हात टाकून बघा, असं मी दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते. (पण तो गालिचा तुमच्या आईंनी दिलेला, हे मला नंतर कळलं, म्हणून पुढे बोलले नाही. आताही बोलत नाही, फक्त आठवण दिली.) इकडे सगळं ठीक. हे घरी आहेत, मांजर घरी आहे, आणि मी घरात नसले की त्या दोघांचं फार जमतं, कारण दिवसभर दोघं एकाच खुर्चीत असतात.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई साडेतीनला विमानातून उतरायची आणि पाचच्या आत आपल्यासमोर उभी राहायची, तर मग पत्राचा खटाटोप कशाला. एक तर प्रसूतिगृहाच्या त्या मजल्यावर तुमचा फोन बंद. जावईबापूंचा चालू आहे, पण सकाळपासून ते नुसतं "हो आई, हो आई" म्हणतायत आणि मी कुठला प्रश्न विचारला ते त्यांना ठाऊक नसतं. ठकीला फोन करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. शिवाय फोनवर बोललेलं हवेत जातं, कागदावरचं फाइलला लागतं, हे माझं मत तुम्हाला माहीत आहे. आणखीही एक कारण आहे, ते ओघात येईल.

आधी मुद्द्याचं. ठकीला पाच वाजता ऑपरेशनला आत नेणार, आणि आत नेताना दाराशी तिचा हात धरून मी उभी असेन, असा मी तिला शब्द दिला आहे. या शब्दाला किती वजन आहे ते तुम्हाला ठाऊक नसणार. ठकीच्या लहानपणी मी कुठल्याच दाराशी वेळेवर नव्हते. ती पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा मी साखरेच्या गोदामात पोती मोजत होते. तिच्या शाळेतल्या नाटकात ती झाड झाली होती, (उभं राहायचं, बोलायचं काही नाही, पण सगळे म्हणाले फार छान उभी राहिली) तेव्हा मी एका पेट्रोलपंपावर पाच लिटरचं माप घेऊन बसले होते. तिच्या टॉन्सिल काढल्या त्या दिवशी मी धावतपळत पोचले, तोवर तिचं आइस्क्रीमसुद्धा खाऊन झालं होतं. पोरीनं कधी ब्र काढला नाही. गेल्या महिन्यात मात्र फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आई, या वेळी तू आधी ये." मी फोन ठेवला आणि त्याच दिवशी तिकीट काढलं.

(बाळाला पहिल्यांदा कुणी घ्यायचं, या विषयावर आपण दोघी एकदाही बोललेलो नाही. तुम्ही ज्या तऱ्हेनं बोलला नाहीत आणि मी ज्या तऱ्हेनं बोलले नाही, त्यावरून दोघींनाही काय ते चांगलं कळलं आहे. असो.)

तर आज बारा वाजताच्या विमानासाठी मी साडेसातला विमानतळावर हजर झाले. हे म्हणाले, इतक्या लवकर विमान कारखान्यातून तरी निघालं असेल का. मी लक्ष दिलं नाही. काउंटर उघडला तेव्हा रांगेत पहिली मी. तिथवर सगळं सुरळीत होतं. मग मी बॅग काट्यावर ठेवायला वाकले, आणि सवयीनं आधी काट्याचा शिक्का बघितला.

विहीणबाई, बाकीच्या बायका आरशात बघतात तशी मी शिक्का बघते. एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते, ते डोळ्यांतून जात नाही. शिक्क्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. तरी बॅग ठेवली. घरी एकोणीस किलो आठशे ग्रॅम भरलेली बॅग इथे वीस किलो तीनशे. मर्यादा वीसची. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "चालेल मॅडम, एवढं आम्ही सोडून देतो." तिथे माझं डोकं फिरलं. जे माझ्या बॅगेत नाहीच, ते सोडून देणारी तू कोण? मी पर्समधून माझं पितळी किलोचं वजन काढलं. (हे मला निवृत्तीच्या दिवशी बाजारातल्या दुकानदारांनी वर्गणी काढून दिलेलं आहे. मी जाणार याचा त्यांना इतका आनंद होता की काहींनी दोनदा वर्गणी दिली.) वजन काट्यावर ठेवलं. एक किलो पाचशे ग्रॅम. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. म्हणजे दर बॅगेमागे अर्धा किलो हवेचा, आणि त्याचा दंड प्रवाशाच्या बोडक्यावर.

पुढचं थोडक्यात सांगते. तक्रारवही मागितली, ती नव्हती. तक्रारवही नाही अशी तक्रार कोऱ्या कागदावर लिहून दिली. काटा दुरुस्त करणारा माणूस बोलावला, तो आला तर त्याच्याकडे स्वतःचं प्रमाणित वजन नव्हतं, म्हणून माझंच दिलं. त्यानं काटा उघडला, आतून एक पेनाचं टोपण, दोन टाचण्या आणि कुणाच्या तरी बॅगेचं चाक निघालं. या सगळ्याला तीन तास लागले. अकरा वाजता माझ्या हातात सहीशिक्क्यानिशी कागद आला की तीन नंबरचा काटा सदोष असून वापरातून काढला आहे. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, पदर सारखा केला आणि त्या मुलीला म्हटलं, आता दे माझं बोर्डिंग कार्ड.

तिनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा उतरला. विमान भरलं होतं. माझी मोजणी चालू असताना मागची सगळी रांग चार आणि पाच नंबरच्या काउंटरवर सरकून आत गेली होती. सगळ्यांच्या आधी आलेली मी एकशे ऐंशी खुर्च्यांच्या विमानासाठी शेवटच्या सातांत जाऊन बसले होते. (हे व्याह्यांना सांगितलंत तरी चालेल, पण आमच्या यांना कधीही सांगू नका.)

मी म्हटलं, माझ्याकडे पक्कं तिकीट आहे, गेल्या महिन्यात पूर्ण पैसे दिलेलं. ती म्हणाली, तिकीट पक्कंच आहे, फक्त ओव्हरबुकिंग झालं आहे. ओव्हरबुकिंग म्हणजे काय, हे मी तिच्याकडून तीनदा समजावून घेतलं, कारण पहिल्या दोन वेळा मला वाटलं की पोर चुकून खरं बोलून जातेय. तर ते असं. शंभरातले चार-पाच प्रवासी येतच नाहीत. कुणाचा बेत बदलतो, कुणाचं पोट बिघडतं, कुणी रस्त्यात अडकतो. त्या न येणाऱ्यांच्या भरवशावर कंपनी आहेत त्याहून जास्त तिकिटं विकून ठेवते. खुर्च्या एकशे ऐंशी, तिकिटं एकशे सत्त्याऐंशी. मी विचारलं, आणि सगळेच आले तर? ती म्हणाली, "सहसा येत नाहीत, मॅडम."

विहीणबाई, नऊशे ग्रॅमला किलो म्हणून विकणारा प्रत्येक दुकानदार पकडला गेल्यावर मला हेच सांगायचा. सहसा कुणी घरी जाऊन मोजत नाही, बाई. मी पन्नास ग्रॅमसाठी लोकांची दुकानं सील केली आहेत, आणि इथे सात अख्खी माणसं मापात कमी. अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, थोडा आनंदही झाला. निवृत्त झाल्यापासून असं काही हाती लागलं नव्हतं.

बाकीचे सहा जण तोवर काउंटरपाशी जमले होते. त्यांच्यात एक टायरचे व्यापारी होते, ते टेबलावर मुठी आपटून ओरडत होते. एक नवराबायको होती, ती एकमेकांना "तरी मी सांगत होते", "तरी मी सांगत होतो" म्हणत होती. दोघी बहिणी होत्या, सारख्या रंगाच्या बॅगा घेतलेल्या. आणि एक सुतार, मांडीवर कापडी पिशवी धरून मागच्या बाकावर गप्प बसलेले. टायरवाल्यांना मी आधी खाली बसवलं. ज्याचा काटा खोटा तो ओरडतो, आपण का ओरडायचं? मग मी माझी पद्धत काढली. वही काढली, पेन्सिल काढली, पेन्सिलीला टोक केलं, आणि मुलीला शांतपणे विचारलं की तुझं नाव काय, हुद्दा काय, तुझ्या वरचा कोण. आणि सावकाश लिहायला लागले. एकतीस वर्षांचा अनुभव सांगते, रागावलेल्या माणसाला कुणी भीत नाही. सावकाश लिहिणाऱ्या बाईपुढे मात्र भल्याभल्यांची बोबडी वळते. मी तिचं आडनाव पूर्ण करेपर्यंत ती आतून ड्यूटी मॅनेजरना घेऊनच आली.

हे मॅनेजर म्हणजे उंच, टाय लावलेले, आणि सगळ्या वाक्यांच्या सुरुवातीला "आम्ही समजू शकतो" म्हणणारे गृहस्थ. त्यांनी समजू शकत असल्याचं पाच वेळा सांगितलं आणि सगळ्यांना संध्याकाळच्या विमानाची वाट बघायला सांगून ते निघाले. मी विचारलं, प्रवाशांच्या हक्कांचा फलक कुठे आहे? ते म्हणाले, लावलेला आहे. मी म्हटलं, लावलेला असणारच, कुठे ते विचारलं. आता यात माझा हात कुणी धरू शकत नाही. भावफलक लपवायच्या जागा मला पाठ आहेत. पोत्यांमागे, कॅलेंडरखाली, उघड्या दाराच्या पाठीमागे. इथे पोती नव्हती, कॅलेंडर नव्हतं. स्वच्छतागृहाच्या वाटेवर प्लॅस्टिकच्या पामची एक मोठी कुंडी होती, आणि कुठलंही कारण नसताना ती भिंतीला चिकटून उभी होती. मी टायरवाल्यांना खूण केली. त्यांनी कुंडी उचलून बाजूला ठेवली (इतका वेळ वाया चाललेली ताकद शेवटी कामी आली), आणि मागे फलक. अक्षर मुंगीएवढं, पण सगळं होतं.

मी चष्मा बदलला आणि मोठ्यानं वाचलं. जास्त तिकिटं विकली गेली असतील तर कंपनीनं आधी प्रवाशांना विचारायचं की कुणी आपल्या खुशीनं जागा सोडायला तयार आहे का, आणि तयार होणाऱ्याला त्याबद्दल ठरेल तो मोबदला द्यायचा. कुणीच तयार नसेल, तरच कुणाला त्याच्या मनाविरुद्ध मागे ठेवायचं. ज्याला ठेवलं त्याला पुढच्या विमानात जागा किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय ते त्यानं निवडायचं, कंपनीनं नाही. वर भरपाई. थांबावं लागेल तोवर खाणंपिणं, फोन, मुक्काम पडला तर हॉटेल आणि जायची-यायची गाडी. आणि हे सगळे हक्क त्याला लेखी द्यायचे. वाचून होईपर्यंत आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं जमली होती. त्यातली निम्मी दुसऱ्याच विमानांची होती, पण वाचन ऐकून त्यांनाही आपल्यावर काहीतरी अन्याय झालाय असं वाटायला लागलं होतं.

मी मॅनेजरना एवढंच विचारलं, की पहिल्या कलमाप्रमाणे तुम्ही आत बसलेल्या प्रवाशांना विचारलंत का? ते म्हणाले, विचारून उपयोग नसतो, असं कुणी तयार होत नाही. मी म्हटलं, "विचारलंत का, एवढंच सांगा. हो की नाही, तसं लिहिते." आणि पेन्सिल कागदावर टेकवून थांबले. त्यांनी टायची गाठ सैल केली. मग आत गेले, आणि दोनच मिनिटांत त्यांचाच आवाज सगळ्या विमानतळावर घुमला, की जागा सोडायला तयार असणाऱ्या प्रवाशांनी कृपया पुढे यावं. मी वहीत वेळ टिपली, अकरा वाजून छत्तीस मिनिटं.

विहीणबाई, सहा जण पुढे आले. कुणी तयार होत नसतं म्हणे. सहलीला निघालेले चार मित्र होते, त्यांना एक रात्र फुकट हॉटेल म्हणजे सहल तिथेच सुरू. आणि एक म्हातारं जोडपं होतं, त्यांना कसलीच घाई नव्हती. त्यांनी फक्त विचारलं की हॉटेलात पोहायचा तलाव आहे का. (आहे. मी खात्री करून घेतली, खोलीही किती आहे ते विचारलं.) तेवढ्यात विमानाचा कुठलासा दिवा लागत नाही म्हणून उड्डाण दोनवर गेलं, म्हणजे घाई करायचं कारणही कंपनीकडे उरलं नाही.

सहा खुर्च्या मोकळ्या, माणसं सात. म्हणजे एक जण मागे राहणार हे उघड होतं. तो कोण, हे ठरायच्या आत मी मॅनेजरना खुर्चीत बसवलं आणि मागे राहणाऱ्याचे सगळे हक्क आधी कागदावर घेतले, कारण माणूस ठरला की त्याची घासाघीस सुरू होते आणि तो एकटा पडतो. संध्याकाळचं विमानही भरलेलं निघालं, म्हणून उद्या सकाळी सहा चाळीसच्या विमानातली पक्की जागा, तीही खिडकीची. आज दुपारचं आणि रात्रीचं जेवण, उद्याचा चहा-नाश्ता. हॉटेल, रस्त्याच्या बाजूची खोली नको. नेण्या-आणण्याची गाडी. फोन हवे तेवढे. भरपाई नियमात आहे ती पूर्ण, आकड्यात आणि अक्षरात, दोन्हीकडे जुळलेली. खाली मॅनेजरची सही, शिक्का, तारीख, वेळ, आणि साक्षीदार म्हणून टायरवाले. असा कागद झाला की नवराबायकोतली बायको नवऱ्याला हळूच म्हणाली, आपणच राहूया का. नवरा म्हणाला, एकालाच मिळणार आहे. ती म्हणाली, मला ठाऊक आहे.

मग कार्डं आली. आणि पहिलं कार्ड मॅनेजरनी स्वतः आणून, थोडं वाकून, माझ्या हातात दिलं. मला कधी एकदा या इमारतीतून बाहेर घालवतो असं त्यांना झालं होतं हे कळत होतं, पण वाकले ते वाकलेच. टायरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. काउंटरवरची मुलगीसुद्धा खालच्या खाली दोन बोटांनी वाजवत होती, ते मी बघितलं. फलकापुढची कुंडी आता दुसऱ्या भिंतीला गेली आहे आणि तिथेच राहील, असं मी लेखी घेतलं आहे. तीन नंबरचा काटा बंद. सात माणसांचं माप पुरं. जाताना मॅनेजरनी मला हळू आवाजात विचारलं, की मॅडम, तुम्ही पुन्हा कधी आमच्या विमानानं प्रवास करणार आहात का? मी म्हटलं, नक्कीच. त्यांनी टायची गाठ आणखी सैल केली.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. वजनकाटेवाल्या बाईला बघून लोक शटर ओढतात, टाळ्या कोण वाजवणार. आज मला फार बरं वाटलं, हे तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही. ठकी इथे असती तर तिनंही बघितलं असतं, की आई अशी असायची, तिच्या दाराशी नसायची तेव्हा.

ठकीला अनेक आशीर्वाद. जावईबापूंना सांगा की नुसतं हो म्हणू नका, बसून घ्या आणि पाणी प्या. तुमच्या गुडघ्याला जपा, दवाखान्यात लिफ्ट आहे. बाकी भेटीअंती.

तुमची,
विहीण
(निवृत्त निरीक्षक, पण आज सकाळपुरती कामावर)

ता. क. एक वाजून दोन मिनिटं. कंपनीनं फुकट दिलेलं सँडविच आत्ता आलं. चांगलं आहे. पाव पातळ कापतात.

ता. क. दोन. हे पत्र घेऊन येणारे गृहस्थ म्हणजे वर लिहिलेले सुतार. त्यांना आत बोलावू नका, चहासाठी थांबवू नका, आभारही मानू नका, फक्त पत्र घ्या आणि जाऊ द्या. तुमच्या प्रसूतिगृहापासून दोन चौकांवर ते मोठं हॉस्पिटल आहे, तिथे त्यांचे वडील आहेत. सकाळी मी सगळ्यांची नावं आणि प्रवासाचं कारण वहीत टिपून घेत होते, (तेव्हा नियम शोधायचे होते, माणसं बघायला वेळ नव्हता) तेव्हा त्यांनी "वडील" एवढंच सांगितलं आणि मी तेवढंच लिहून पुढे गेले. कार्डं वाटून झाली तेव्हा सहा संपली होती आणि ते अजून बाकावरच होते. रांगेत सर्वांत शेवटी आलेले, बस वाटेत बंद पडली म्हणून. ते उठलेसुद्धा नाहीत. मी जाऊन विचारलं, काय झालंय वडिलांना? तर म्हणाले, डॉक्टरांनी आजच यायला सांगितलंय.

ता. क. तीन. म्हणून मागे राहणारी मी. मॅनेजरसमोर गेले आणि पहिल्या कलमाप्रमाणे हात वर केला. त्यांना आधी कळेचना, मग ते खुर्चीत बसले. माझं कार्ड रद्द करून सुतारांच्या नावाचं काढून घेतलं, आणि मघाचा कागद माझ्या नावानं भरला. विहीणबाई, कागद एक नंबर झालाय, त्यात काडीची उणीव नाही. खिडकीची जागा मला नको होती, पण आता कलम आहे. उद्या सकाळी साडेनऊला मी तुमच्याकडे. मी खूप वेळ मनात मोजून बघितलं. माझं नातवंड उद्या सकाळीही तिथेच असेल. त्यांचे वडील असतील की नाही, याची खात्री कुठलंच कलम देत नाही. तरी हे लिहिताना माझं पेन चालत नाहीये, आणि आता ते सुतार समोर येऊन उभे आहेत, बसा म्हटलं तर बसत नाहीत.

बाळाला पहिल्यांदा तुम्ही घ्या. मनापासून लिहितेय.

ता. क. चार. हेच खरं काम, बाकी सगळं याच्यासाठी लिहिलं. पाच वाजता दाराशी माझ्या जागी तुम्ही उभ्या राहा आणि ठकीचा डावा हात धरा. उजव्याला सुई लावलेली असेल आणि डावा हात ती स्वतःहून पुढे करणार नाही, तुम्हालाच शोधून घ्यावा लागेल. ती विचारेल, आई कुठे. मी आपल्या मर्जीनं मागे राहिले असं तिला आज सांगू नका. ती म्हणेल, या वेळीही तसंच, आणि रडत आत जाईल. उद्या तिच्याजवळ बसून मी स्वतः सगळं सांगेन, मग तिला काय रागवायचं ते रागवू दे. आज तिला सांगायचं वाक्य मी तयार करून देते, यात शब्दही बदलू नका: "विमानात जागाच नव्हती, त्यांनी आईला जबरदस्तीनं उतरवलं, ती फार भांडली." यातलं फार भांडली हे खरं आहे, तेवढ्यापुरतं तुम्हाला जड जाणार नाही. मी आयुष्यभर एक ग्रॅम खोटा चालू दिला नाही, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही हेही मला ठाऊक आहे. आमचे नवे पडदे छान आहेत म्हणालात तेव्हा तुम्ही छताकडे बघत होतात. म्हणून आधी हात घट्ट धरा आणि मग बोला. एकदा हात धरला की ठकी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही.